तिसरी झील

श्रीमंतनं उभ्या जन्मात ओवीच्या रिंगणात स्वतःची ओळ एकदाच म्हटली होती, आणि त्या एका ओळीबद्दल थोबाडीत खाल्ली होती. मारणारा त्याच्या जोडीदाराचा, गोरोबाचा बाप. श्रीमंतला तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. म्हाताऱ्यानं चपराक ठेवून दिली आणि काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाला, "झीलकऱ्यानं फुडं पळायचं न्हाय. फुडं पळायची हौस आसंल तर जा, मेंढरं वळव." रिंगणातले लोक हसले. गाल चोळत श्रीमंतही हसला. पण ते असं काही मनात बसलं, की पुढं सगळी उमर त्यानं गोरोबाच्या ओळीशिवाय दुसरी ओळ चारचौघांत तोंडातून काढली नाही.

आता झीलकरी म्हणजे काय, हे ज्यांनी धनगरी ओवी नुसती मोबाईलवर बघितली त्यांना कळायचं नाही. मोबाईलमध्ये पुढचा गाणारा दिसतो, त्याचा फेटा दिसतो, हातातला रुमाल दिसतो. मागचा माणूस ढोलाच्या धुळीत गडप. गाणारा ओळ टाकतो, झीलकरी ती उचलून परत म्हणतो. बघणाऱ्याला वाटतं, त्यात काय एवढं, पोपटसुद्धा म्हणेल. अरे बाबा, ओवी कुठं लिहून ठेवलेली नसते. गाणारा ती उभ्या उभ्या रचतो. झीलकरी ओळ घोळवतो, तेवढ्या वेळात गाणाऱ्याच्या डोक्यात पुढची ओळ उतरायची असते. झील आखूड पडली तर गाणारा तोंडघशी पडतो, आणि फार लांबली तर चाल मरते. गोरोबाला किती दम लागतो, कुठल्या ओळीनंतर तो विचारात पडतो, कधी त्याला पुढची ओळ आधीच सुचलेली असते आणि कधी तो नुसतं हसून वेळ मारून नेतो, हे सगळं श्रीमंतला त्याच्या मानेवरून कळायचं. मानेवरून, कारण तोंड त्याला कधी दिसायचंच नाही. चाळीसेक वर्षं त्यानं गोरोबाची पाठच बघितली.

दोघंही भूम तालुक्यातल्या माळेवाडीचे. मेंढरांमागं एकत्र वाढले. दिवाळी झाली की वाडे, म्हणजे मेंढरांसकट धनगरांचे तळ, हलायचे, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत बसवत पार सीनेच्या काठापर्यंत जायचे. त्या चालण्यात गोरोबा ओव्या जुळवायचा. एका टेकाडावर हा, दुसऱ्या टेकाडावर श्रीमंत, मध्ये मेंढरं. गोरोबा ओळ फेकायचा, पलीकडून श्रीमंत ती परत फेकायचा. मेंढ्या चोरीला गेल्या, दुष्काळात चारा छावणीत मुक्काम पडला, लांडग्यानं कोकरं नेली, एका तलाठ्यानं चराईवरून वाद घातला, सगळ्याच्या ओव्या झाल्या. तलाठ्याची ओवी तर इतकी गाजली, की तो बिचारा बदली मागून गेला म्हणतात. खरंखोटं बिरोबाला माहीत.

मग बार्शीच्या एका दुकानदारानं कॅसेट काढली. पुठ्ठ्यावर गोरोबाचा रंगीत फोटो. श्रीमंत मागंच उभा होता, त्याचा फक्त एक कान आणि फेट्याचा कोपरा आला. गावात लई दिवस चेष्टा चालली. कुणी म्हणायचं, झीलकऱ्याचा कानच तर कामाचा, तेवढा घेतला. श्रीमंत त्या चेष्टेला खुश असायचा. घरी बायकोनं ती कॅसेट देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती आणि पाव्हण्यांना त्या कानावर बोट ठेवून दाखवायची. आकाशवाणीवर दोनदा ओवी वाजली. लग्नं, जावळं, जत्रा, कुठंकुठं बोलावणी यायची. नाव गोरोबाचं व्हायचं आणि व्हायलाच पाहिजे होतं, कारण रचणारा तो होता. माणूस भांडखोर, तिखट, कुणाचं न ऐकणारा, पण ओळ टाकली की समोरच्या माणसाच्या काळजात जायची. श्रीमंतला त्याचा कधी हेवा वाटला नाही असं म्हणणं लबाडी होईल. वाटायचा. रात्री घोंगडीवर पडला की डोक्यात त्याच्याही ओळी यायच्या. पण त्या सकाळी मेंढरांच्या खुरांखाली जायच्या.

अशा माणसाची आठवण जायला लागली, ती आधी कुत्र्याच्या नावापासून. मोत्या समोर शेपूट हलवतोय आणि गोरोबा विचारतोय, "हे कुणाचं कुत्रं आलंया?" सगळे हसले. मग एकदा मेंढरं सरळ दुसऱ्याच्या ज्वारीत घातली. मग एक दिवस भाकरी वाढणाऱ्या दैवशालाला, स्वतःच्या बायकोला, म्हणाला, "पाव्हणे, तुमचं गाव कुठलं?" त्या दिवशी कुणी हसलं नाही. दैवशाला चुलीपुढं तशीच बसून राहिली आणि तव्यावरची भाकरी जळून गेली.

रिंगणात मात्र कुणाला पत्ता लागू दिला नाही तो श्रीमंतनं. जुन्या ओव्या त्याला गोरोबाइतक्याच पाठ. गोरोबा अडकला की तो झील घोळवायचा, कैताळाचा, म्हणजे पितळी झांजांचा, ठोका जोरात मारायचा, आणि त्या गोंगाटात मागून पुढच्या ओळीचा पहिला शब्द हळूच सोडायचा. तेवढं पुरायचं. शब्द कानावर पडला की गोरोबाच्या गळ्यातून बाकीची ओळ आपोआप बाहेर यायची. लोक म्हणायचे, म्हातारा अजून कसा ताजा आहे बघा. श्रीमंत घरी येऊन घामानं निथळत बसायचा.

पण ही युक्ती जुन्या ओव्यांची. बिरोबाच्या जत्रेत जुनं चालत नाही.

माळेवाडीच्या जत्रेची रीत अशी. दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहतात. एक सवाल टाकते, दुसरीनं तिथल्या तिथं ओवीत जवाब द्यायचा. झीलकरी ओळ एकदा घेईल, दोनदा घेईल. तिसऱ्यांदा तीच ओळ घ्यावी लागली, तर गाणाऱ्याचं डोकं रिकामं झालं असं धरतात. समोरच्याचा ढोल वाजतो आणि हरणाऱ्याचा ढोल देवळापुढं पालथा घालतात. आणि झीलकऱ्यानं स्वतःहून नवी ओळ काढली तरी ढोल पालथाच, वर त्या झीलकऱ्याची अब्रू जाते ती वेगळी, कारण आपल्याच गाणाऱ्याला ढकलून पुढं शिरला असा त्याचा अर्थ होतो. जो जिंकेल त्याच्याकडं वर्षभर पहिल्या सुंबरानाचा, म्हणजे देवाच्या पहिल्या नमनाचा मान. तो मान गोरोबाच्या बापापासून माळेवाडीकडं होता.

औंदा सामना लिंबाजीशी होता. लिंबाजी पारेवाडीचा, चाळिशीचा गडी, आवाज खणखणीत. त्याच्या ओव्या पोरांच्या मोबाईलवर वाजतात. माणूस वाईट नाही, पण सवाल टाकताना दयामाया ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

जत्रेच्या आदल्या दिवशी श्रीमंत गोरोबाच्या घरी गेला तो नक्की ठरवून, की जत्रेला जायचं नाही असं सांगायचं. दैवशाला अंगणात शेंगा फोडत होती.

"भावजी," ती म्हणाली, "नेऊ नका म्हनावं तर हे सकाळपास्नं फेटा मागायलेत. बिरोबाची जत्रा तेवढी ध्येनात ऱ्हायलीया. माजं नाव न्हाय ऱ्हायलं, जत्रा ऱ्हायली."

"कुमार काय म्हनतो?"

"तो काय म्हनणार. त्याला वाटतं, बाप म्हातारा झाला म्हून जरा इसरतो. धाराशिवास्नं महिन्यातनं एक डाव येतो, तवा हे बरे आसत्यात. म्या तरी काय काय सांगू त्याला." कुमार तिचा थोरला, जिल्ह्याच्या ठिकाणी कचेरीत नोकरीला.

श्रीमंत आत गेला. गोरोबा खाटेवर बसला होता. त्या घटकेला तो पुरता शुद्धीत होता, डोळे पहिल्यासारखे. श्रीमंतला बघून म्हणाला, "शिरमंत्या, दार लाव."

श्रीमंतनं दार लोटलं.

"मला कळतं आं," गोरोबा म्हणाला. "लोकांस्नी वाटतं मला कळत न्हाय. मदीच आंधार व्हतो. मग परत उजाडतं, तवा ध्येनात येतं की आंधार झाला हुता. तू मागनं शब्द सोडतोस ते बी कळतं मला."

एवढा काळ झाकून ठेवलेली गोष्ट ज्याच्यापासून झाकली त्यालाच ठाऊक होती.

"मग नगं जायला गोरबा. घरी बसू."

"न्हाय. यायचं म्हंजी यायचं. शेवटचं उभं ऱ्हायचंय मला देवाफुडं." तो पुढं झुकला आणि त्यानं श्रीमंतचं मनगट धरलं. "ढोल पालथा पडू दे. बापाचा मान जाऊ दे, गेला तर गेला. पर लोकं मला हसू नयेत. म्या सगळ्या मुलखाला हासवलं, सगळ्यांची टोपी उडवली. आता म्या तोंड उघडं टाकून हुबा ऱ्हायलो आन् लोकं हासली, तर म्या तिथंच मरंन. एवढं तू बघ."

"बघतो," श्रीमंत म्हणाला. कसं बघणार, हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं दार उघडलं तेव्हा गोरोबा खिडकीकडं बघत होता. "वाडा कवा हलवायचा?" त्यानं विचारलं. वाडा हलवणं सुटून किती काळ लोटला होता.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर रिंगण भरलं. देवळापुढच्या माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. खेळण्यांची दुकानं, भज्यांचा वास, पाळण्यावरची गाणी, आणि भंडाऱ्यानं सगळ्यांची कपाळं पिवळी. कुमार बायकोसकट आला होता. तो पहिल्या ओळीत बसला आणि बापाचा व्हिडिओ घ्यायला त्यानं मोबाईल तयार ठेवला. दैवशाला बायकांच्या घोळक्यात, पदर तोंडात धरून.

श्रीमंतनं गोरोबाला फेटा बांधला. बांधताना विचारलं, "म्या कोन?" गोरोबा चिडला. "यडा का खुळा तू? शिरमंत्या न्हवं का." श्रीमंतला हायसं वाटलं. मग गोरोबा रिंगणाकडं बघत म्हणाला, "आबा कुठं बसलेत?" आबा म्हणजे त्याचा बाप. त्याला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

श्रीमंत कैताळ हातात घेऊन गोरोबाच्या मागं जाऊन उभा राहिला, नेहमीच्या जागी.

आधी सुंबरान झालं. ते तर गोरोबाच्या हाडात होतं. त्यानं हात वर केला, पहिली ओळ टाकली आणि सगळा माळ गप झाला. पाळणेवाल्यानं गाणं बंद केलं. तोच आवाज, थोडा खरखरीत झालेला, पण तोच. श्रीमंत झील घेत गेला आणि घेता घेता त्याला वाटलं, निभेल. देव आहे, निभून जाईल.

मग लिंबाजी पुढं आला. गोरोबाच्या पाया पडला. "गोरोबातात्या, सांभाळून घ्या," म्हणाला, आणि मागं जाऊन सवाल टाकला. ओवीत विचारलं ते असं: माळावर कुणी नव्हतं, एकटा देव होता आणि एकटा धनगर होता. दोघांत पहिली हाक कुणी मारली? देवानं मारली म्हणावं, तर देवालाच माणसाची गरज होती असं होतं, मग आपण त्याच्या पाया कशाला पडायचं? धनगरानं मारली म्हणावं, तर त्याच्या हाकेआधी देव काय झोपला होता? सांग गोरोबा, पहिली हाक कुणाची?

लोकांत कुजबुज झाली. सवाल जबर होता. कुठल्याही बाजूनं गेलं तरी पाय अडकणार. दहा वर्षांमागचा गोरोबा असता तर त्यानं मान एकीकडं कलती करून मिश्या पिळल्या असत्या, आणि लिंबाजीला पळता भुई थोडी केली असती.

गोरोबानं मान कलती केली. श्रीमंतनं ती बघितली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. ओळ येतेय.

"माळ हुता मोकळा रं, वर आभाळ मोकळं..."

श्रीमंतनं झील घेतली. ढोल घुमला. गोरोबाला पुढची ओळ सुचलीच होती, ती आलीसुद्धा.

"मदी देव एकला रं, मदी माणूस एकला..."

"वाह तात्या," कुणीतरी म्हणालं. सवाल त्यानं नीट उचलला होता. आता खरा जवाब. श्रीमंतनं झील घेतली, लांबवली, घोळवली. त्याचे डोळे गोरोबाच्या मानेवर. मान हलेना. कलती होती ती सरळ झाली होती आणि ताठ झाली होती. ही मान श्रीमंतनं कधी बघितली नव्हती.

त्यानं दुसऱ्यांदा झील घेतली. "मदी देव एकला रं, मदी माणूस एकला." होता होईल तेवढी ओढली. छातीत कळ आली. मागून सोडायला शब्द नव्हता, कारण ही ओवी आधी कुठं नव्हतीच. गोरोबा हळूहळू वळला. चाळीस वर्षांत तो रिंगणात कधी मागं वळला नव्हता. त्याचं तोंड उघडं होतं. तो श्रीमंतकडं बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत श्रीमंत कुठं नव्हता. आपण कुठं आलो, ही एवढी माणसं कोण, समोर कैताळ घेऊन उभा असलेला हा म्हातारा कोण, यातलं काहीच त्याला कळत नव्हतं. खालचा ओठ लहान लेकरासारखा थरथरायला लागला.

पहिल्या ओळीत कुमारनं मोबाईल खाली घेतला. मागं बघ्यांतली दोनतीन पोरं खुसखुसली. लिंबाजीच्या ढोलवाल्यानं टिपरू उचललं.

श्रीमंतची झील संपत आली होती. शेवटचा स्वर तेवढा तोंडात होता. तिसऱ्यांदा तीच ओळ घ्यावी, तर ढोल वाजणार आणि गोरोबा तसाच तोंड उघडं टाकून उभा राहणार, आणि ती पोरं मोठ्यानं हसणार. नवी ओळ काढावी, तर ढोल पालथा आहेच, पण मग माणसं गोरोबाकडं बघणार नाहीत. श्रीमंतकडं बघतील. म्हणतील, जन्मभर मागं राहिला आणि मरताना दोस्ताला ढकलून पुढं घुसला. तसं म्हणणाऱ्यांना उत्तरही देता येणार नाही, कारण उत्तर द्यायचं म्हणजे गोरोबाचं झाकलेलं उघडं करायचं. त्याचा गाल गरम झाला. जिथं चपराक बसली होती तोच गाल. भ्याला तो, सरळ सांगायचं तर.

आणि तो एक पाऊल पुढं आला.

"हाक कुनाची पयली रं, नगं इचारू लिंबाजी..."

सगळा माळ चिडीचूप झाला. स्वतःचा आवाज ऐकून श्रीमंतच दचकला. मागच्या साथीच्या गड्यांनी माना वर केल्या, ढोलवाल्याचा हात हवेत थांबला. कुणीतरी पुटपुटलं, "आगं आयाव, झीलकरी फुडं घुसला." देवळाच्या पायरीवर बसलेला पुजारी उठून उभा राहिला. सगळ्यांचे डोळे श्रीमंतवर होते. हसत कुणी नव्हतं.

आता ती ओळ उचलणारं कुणी नव्हतं. मागं साथीला उभी असलेली पोरं घाबरलेली. उचलली नाही तर ओळ तिथंच मरणार. श्रीमंतला पहिल्यांदाच कळलं, की ओळ टाकून झील न येता उभं राहणं किती भयंकर असतं. रानात रात्री हाक मारावी आणि पलीकडून काहीच येऊ नये, तसं.

तेवढ्यात त्याच्या शेजारून आवाज आला. खरखरीत, पण सुरात पक्का.

"हाक कुनाची पयली रं, नगं इचारू लिंबाजी..."

गोरोबा झील घेत होता. थरथरणारा ओठ थांबला होता. ओळ कानावर पडली आणि ती पुरी करून परत द्यायची, एवढं त्याच्या अंगात कुठंतरी शिल्लक होतं. टेकाडावरून टेकाडावर फेकत जी हजारदा ऐकली होती ती झील, तशीच्या तशी, शेवटी श्रीमंत जसा स्वर वर न्यायचा तशीच वर नेलेली. तो श्रीमंतच्या मानेकडं बघत होता. वाट बघत होता, पुढची ओळ कधी येते म्हणून.

मग श्रीमंतला थांबता येईना.

"ओ दिली न्हाय कुनी तर, हाक वाऱ्यावर गेली..."

गोरोबानं उचलली.

"ज्यानं ओ दिली मागनं, त्यानं हाक पुरी केली..."

गोरोबानं उचलली. आता ढोल परत घुमायला लागला, साथीची पोरंही शिरली. श्रीमंत गात राहिला. कधी देव पुढं असतो आणि माणूस ओ देतो, कधी माणूस पुढं आणि देव मागून ओ देतो. दोघांतला एक गप झाला तर दुसरा मुका होतो. माळावर एकट्याची हाक म्हणून नसतेच. ओळी येत होत्या. खुरांखाली गेल्या असं तो समजत होता, त्या कुठं गेल्या नव्हत्या. त्याला रडू येत होतं आणि गाणं थांबत नव्हतं, आणि बायकांच्या घोळक्यात दैवशालानं तोंडातला पदर काढून डोळ्यांना लावला होता.

लिंबाजीचा ढोल वाजलाच नाही. टिपरू वर धरलेला त्याचा गडी त्याच्याकडं बघत होता आणि लिंबाजी खाली बघत मानेनंच नको म्हणत होता. ओवी संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

पण रीत ती रीत. पुजारी पुढं आला. तोही अवघडला होता. "शिरमंत," तो म्हणाला, "जवाब झाला. जवाब लई मोठा झाला. पर गाणाऱ्याच्या तोंडचा न्हाय झाला."

"व्हय," श्रीमंत म्हणाला. "म्या रीत मोडली. हाव सुटली मला. गोरबाची काय बी चूक न्हाय, त्याला ओळ येतच हुती, म्याच मदी घुसलो." हे त्यानं मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, मागच्या लोकांपर्यंत जावं असं. मग ढोलाजवळ गेला आणि कुणी हात लावायच्या आत त्यानं स्वतःच्या हातानं तो देवळापुढं पालथा घातला. बापाच्या काळापासूनचा माळेवाडीचा मान गेला. लिंबाजीनं तो घेतला खरा, पण ढोल वाजवून घेतला नाही.

लोक पांगायला लागले. जाता जाता बोलत होते, आणि बोलणारच. कुणी म्हणत होतं, काय गायला म्हातारा. कुणी म्हणत होतं, गायला बरं, पण दोस्ताचा घास काढून खाल्ला. हे दुसरं श्रीमंतला जास्त स्वच्छ ऐकू आलं.

कुमार तरातरा आला. चेहरा लाल झालेला. "काका, तुम्ही हे काय केलंत? बाबा विचार करत होते. जरा दम धरायचा होता. सगळ्या गावासमोर तुम्ही त्यांचं तोंड बंद केलंत. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

श्रीमंतनं कैताळाची दोरी हाताला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

दैवशाला मागून आली. "कुमार, गप बस."

"आई, तू बघितलंस ना..."

"म्या बघितलं. तू घरी चल, तुला सांगते काय बघितलं ते." तिनं लेकाला दंडाला धरून बाजूला नेलं. जाताना श्रीमंतकडं बघून तिनं दोन्ही हात जोडले, जसे देवळाकडं बघून जोडतात तसे. श्रीमंतनं मान फिरवली, त्याला ते सोसेना.

गोरोबा देवळाच्या पायरीवर बसला होता. फेटा सुटून खांद्यावर आला होता. तोंडावर भंडारा, आणि भंडाऱ्याखाली असा आनंद, जसा लग्नात गोड खाऊन बसलेल्या माणसाच्या तोंडावर असतो. श्रीमंत शेजारी बसला आणि फेटा उचलून परत बांधायला लागला. पीळ नीट बसेना.

गोरोबा त्याच्याकडं निरखून बघत होता. मग जवळ सरकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "पाव्हणं, त्यो गाणारा कोन हुता हो?"

श्रीमंतचा हात थांबला.

"कुठला?"

"त्यो, शेवटी गायला त्यो. हाकंची ओवी. लई ऐकलं म्या जन्मात, पर आसं न्हाय ऐकलं."

"हाय एक," श्रीमंत कसाबसा म्हणाला. "हितलाच हाय. माळेवाडीचा."

"वळख हाय तुमची?"

"हाय थोडी."

"मग येक काम करा." गोरोबानं त्याचं मनगट धरलं, आदल्या दिवशी धरलं होतं तसंच, घट्ट. "त्याला सांगा, फुडल्या जत्रंला त्याच्या मागं मला हुबा कर म्हनावं. झील येती मला."

श्रीमंतनं फेट्याचा शेवटचा पीळ खोचला आणि, "सांगतो," म्हणाला.